आपलं ताट आपण उचलावं

नैरोबी, शनिवार, २ जून २०१८

प्रिय मामा,

हे पाकीट मी किटालेच्या बसवाल्याकडे देते आहे. तो ते लुखोबेच्या फाट्यावर चहावाल्या फेलिस्टसकडे टाकील आणि दूध घालून परतताना मामी ते उचलून आणील. तुम्ही फोन ठेवला असता तर हा द्राविडी प्राणायाम टळला असता. पण साखर कारखान्यातून निवृत्त झालात त्या दिवशी तुम्ही काय म्हणालात ते मला पाठ आहे: एकतीस वर्षं पडद्याकडे बघितलं, आता फक्त माणसांकडे आणि कागदाकडे बघणार. आणि मामीच्या फोनवर तुमच्याशी बोलायला जावं, तर मी जेवले का, बारीक झाले का हे विचारण्यातच मामी सगळी बॅटरी संपवते.

मी अडचणीत आहे, मामा. तुमच्या लुखोबे दूध संस्थेत सकाळी कॅन मोजणारं जे मशीन जानेवारीत बसलं, त्याचा प्रोग्राम मी लिहिलाय. अठरा महिन्यांच्या नोकरीतलं माझं पहिलं स्वतःचं काम. तेच मशीन आता रोज सकाळी मध्येच गोठतं. काट्यावर कॅन, पडद्यावर आकडा तसाच, आणि मागे दोनशे माणसांची रांग. तीस तारखेला सभासदांची सभा आहे. मशीन ठेवायचं की परत जुन्या वह्या आणायच्या, हे तिथे हात वर करून ठरणार. वह्या आल्या तर आमच्या वांगुई मॅडम हे काम बंद करणार. "मग तुझं काय ते बघू," असं त्या म्हणाल्या. त्या असं ज्याला म्हणतात त्याची खुर्ची पुढच्या सोमवारी रिकामी असते.

मी प्रोग्राम जावा भाषेत लिहिलाय. तुम्ही मला शिकवलेल्या सी भाषेत मेमरीतली जागा आपण मागून घ्यायची आणि काम झालं की आपल्या हाताने परत करायची. जावात तसं नसतं. आपण नव्या नव्या वस्तू तयार करत जायचं, आवरायचं काम एक झाडणारी करते. ती अधूनमधून येते आणि कोणती वस्तू अजून कुणी धरून ठेवली आहे ते बघते. प्रोग्रामने एक धरली असेल, तिने दुसरी, दुसरीने तिसरी, तर त्या तिन्हींना ती हात लावत नाही. जिला कुणीच धरलेलं नाही तो कचरा, तेवढा ती झाडून टाकते. झाडताना मात्र ती सगळ्यांना जागच्या जागी उभं करते. एरवी हे पापणी लवायच्या आत उरकतं. लुखोबेत तिला चाळीस सेकंद लागतात.

मला वाटतं झाडणारीच बिघडली आहे. तुम्हाला काय वाटतं?

तुमची,
नाबविले

*

लुखोबे, बुधवार, ६ जून

नाबविले पोरी,

पत्र पोचलं. वाचून इतका हसलो की कुत्रं उठून बाहेर गेलं.

तर तुझ्या भाषेत मोलकरीण ठेवली आहे. मी कारखान्यात उसाच्या ट्रॅक्टरांचं वजन करणारा प्रोग्राम लिहिला, तेव्हा सगळ्या यंत्राची मेमरी आजच्या एका फोटोत मावली असती. मोलकरीण ठेवायला जागा कुठे होती? एकच नियम होता: आपलं ताट आपण उचलावं. जेवढ्या वेळा जागा मागितली तेवढ्या वेळा परत केली की नाही, हे मी पेन्सिलीने खुणा करून बघायचो. तुम्ही हल्लीची मुलं ताटं वाढता, जेवता, उठता आणि नळावर हात धुवायला जाता. मग अंगण खरकट्याने भरलं की म्हणता मोलकरीण वाईट. नाचता येईना अंगण वाकडं!

मशीनचं म्हणशील तर रांगेत काय बोलतात ते तुला न कळवणंच बरं. म्झे न्योंगेसा संस्थेचे अध्यक्ष आहेत, वयाने ऐंशीचे, म्हणून सगळे त्यांना म्झे म्हणतात. ते परवा काट्यापाशी उभं राहून सगळ्यांना म्हणाले, "या डब्याला विचार करायला जितका वेळ लागतो तितक्यात माझी गाय व्याली असती." लोक हसले, पण हसून झाल्यावर माना डोलावल्या. हे चांगलं लक्षण नाही. तुझी मामी पहाटे पाचला उठून तीन गाईंच्या धारा काढते, मग दोन मैल कॅन वाहते आणि मग तुझ्या मशीनपुढे उभी राहते, हेही इथे नमूद करतो.

आता उपाय. मोलकरीण आपल्या लहरीने येते म्हणून ही गत. तिला तू स्वतः हाक मार. दर पन्नास कॅनांनंतर प्रोग्रामकडूनच तिला बोलावणं पाठव.

आणि एक पैज लावतो. जो चूक शोधील त्याच्या ताटात माझ्या लाल कोंबड्याच्या पोटातली ती दाणे दळणारी गाठ. आपल्यात ती फक्त घरच्या पुरुषाला वाढतात. तुझ्या आजोबांनी मला ती मी नोकरीला लागल्यावर दिली, तोवर नुसता वास. तू जिंकलीस तर बाईमाणूस असूनही तुला देईन. कोंबड्याचं मरण ठरलेलंच आहे, ताट कुणाचं एवढाच प्रश्न. माझंच असेल.

मामा वेपुखुलू

*

नैरोबी, रविवार, १० जून

प्रिय मामा,

तुमच्या उपायाने मशीन दिवसातून एकदा नाही, पाचदा गोठलं. झाडणारीला हाक मारली की ती येते, सगळं अंगण फिरून बघते, सगळ्यांना उभं करते आणि हात हलवत परत जाते, कारण तिला टाकण्यासारखं काही सापडतच नाही. मी तो उपाय त्याच दिवशी मागे घेतला. रांगेत त्या सकाळी काय बोलले तेही कळवू नका.

वांगुई मॅडमनी दुसरा उपाय केला. लुखोबेच्या मशीनमध्ये दुप्पट मेमरी बसवून घेतली. आता ते गोठायला जास्त वेळ लागतो, पण गोठलं की एक मिनिट दहा सेकंद. अंगण मोठं, तितकं झाडायला जास्त.

कोणती वस्तू कुणी धरून ठेवली आहे हे दाखवणारं एक साधन असतं. ते त्या मशीनवर लावलं की मशीनच मान टाकतं. आणि इथे नैरोबीत माझ्या टेबलावर तोच प्रोग्राम लोण्यासारखा चालतो. मी रोज सकाळी सुरू करते, शंभर खोटे कॅन मोजते, संध्याकाळी बंद करते. एकदाही अडला नाही. मला वेड लागायची पाळी आली आहे.

तुमचं अक्षर मात्र काय सुंदर झालंय. पूर्वी तुमचं पत्र म्हणजे पावसात धावलेल्या कोंबडीची पावलं. निवृत्तीने हात निवांत झाला वाटतं.

मामीला सांगा, मी जेवते आहे.

नाबविले

*

लुखोबे, गुरुवार, १४ जून

नाबविले पोरी,

अक्षराचं कारण पेन. नवीन घेतलं. त्यावर जास्त बोलायचं कारण नाही.

कामाचं ऐक. रांगेत उभ्या असणाऱ्या एका हुशार व्यक्तीने एक गोष्ट पाहिली आहे. गेल्या आठवड्यात मंगळवारी वीज गेली आणि संस्थेची बॅटरीही बसली. मशीन रात्रभर बंद होतं. बुधवारी सकाळी ते हरणासारखं पळालं. गुरुवारीही बरं चाललं. शुक्रवारी जरा धापा टाकायला लागलं आणि रविवारी पुन्हा खाली बसलं. ती व्यक्ती म्हणते की गेल्या महिन्यातही वीज गेल्यावर असंच झालं होतं. वीज गेली की तुझं मशीन शहाणं होतं आणि वीज राहिली की वेडं.

यावरून मला कळतं ते असं. तुझी मोलकरीण चांगली आहे, तिला दोष देऊ नकोस. अंगणात काहीतरी रोज साठत जातंय आणि ते कुणीतरी घट्ट धरून बसलंय. म्हणून ती बिचारी फिरते आणि रिकाम्या हाताने जाते. बंद केलं की सगळ्यांच्या मुठी सुटतात. तू टेबलावर रोज संध्याकाळी बंद करतेस, मग तुला काय दिसणार? उंटावरून शेळ्या हाकतेस तू.

सगळा प्रोग्राम कागदावर छापून पाठव. एकही पान गाळू नकोस. पूर्वी तू सहावीत असताना वहीत प्रोग्राम लिहून आणायचीस आणि मी व्हरांड्यात बसून तपासायचो, तसाच तपासतो.

तुझी मामी गेली दोन वर्षं स्वयंपाकघराचं धुराडं दुरुस्त करायला सांगते आहे. ते मी याच महिन्यात करणार आहे, हे तुला साक्षी ठेवून लिहितो.

मामा

*

नैरोबी, रविवार, १७ जून

प्रिय मामा,

एकेचाळीस पानं पाठवते आहे. पाकीट जाड झाल्यामुळे बसवाल्याने आत काय आहे ते विचारलं. मी म्हटलं, माझी नोकरी. त्याने ते मांडीवर ठेवलं.

त्या हुशार व्यक्तीला माझा नमस्कार सांगा. मी टेबलावरचा प्रोग्राम तीन दिवस बंद न करता चालू ठेवला आणि मामा, तो फुगला. म्हणजे चूक झाडणारीची नाही, माझीच. इतके दिवस मी तिच्या नावाने बोटं मोडत होते. तिच्या विश्वासावर मी एक वस्तू कुठेतरी धरून ठेवली आहे आणि धरली आहे हेच विसरले आहे. माझंच लिहिलेलं मी इतक्यांदा वाचलंय की आता ते मला दिसत नाही, नुसतं पाठ येतं.

धुराड्याची मी साक्षीदार आहे. पण तुम्ही स्वतः धुराड्याचा विषय काढलात हे वाचून मी पत्रावरची सही दोनदा पाहिली.

तेरा दिवस उरले.

नाबविले

*

लुखोबे, गुरुवार, २१ जून

नाबविले,

पान चौदा.

आधी कोंबड्याची क्षमा मागतो, मग तुझी समजूत घालतो. पान चौदावर तू दवंडीची एक यादी केली आहेस. दुधाचा कॅन मोजला की पावती तयार होते. फॅट किती हे तपासणीच्या टेबलावरून पाच-दहा मिनिटांनी कळतं. तेव्हा ते सगळ्यांना ओरडून सांगायचं आणि ज्या पावतीचं असेल तिने ते लिहून घ्यायचं, अशी तुझी योजना. त्यासाठी प्रत्येक पावतीचं नाव तू त्या यादीत घालतेस. छान. पण फॅट लिहून झालं, कागद छापला, माणूस घरी गेला, तरी त्या पावतीचं नाव यादीतच. एकेचाळीस पानांत यादीत घालायचं काम एके ठिकाणी आहे आणि काढायचं कुठेच नाही. मशीन शेवटचं सुरू केल्यापासून ज्याने ज्याने दूध घातलं त्याची प्रत्येक पावती अजून तिथे कान टवकारून उभी आहे. यादी तिला धरून आहे म्हणून मोलकरीण तिला हात लावत नाही. तिने नियम पाळला. तू ताट उचललं नाहीस.

मी म्हटलं नव्हतं?

काढायची एक ओळ घाल आणि झोप. गाठ मी आलं लावून मिठात टाकणार आहे.

विजयी मामा

(याच पाकिटात, दुमडलेला एक छोटा कागद)

नाबविले बाळा, हे त्याला न सांगता घालते आहे. तुझ्या मामाने पान चौदा पाहिलेलं नाही. ईस्टरपासून त्याने कुठलंच पान पाहिलेलं नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढलाय, आता त्याला ताटातली मक्याची उगाली आणि ताट वेगळं दिसत नाही. पत्रं तो सांगतो, मी लिहिते. तुझी एकेचाळीस पानं मी त्याला तीन दिवस व्हरांड्यात वाचून दाखवली. ते वाकडे कंस काय म्हणून वाचायचे ते मला कळेना, म्हणून "गोठ्याचं दार उघडलं, गोठ्याचं दार लागलं" असं म्हणत गेले. शेजारीण विचारून गेली की गाई विकत घेतल्यात का.

यादीचं मीच विचारलं. आमच्या महिला मंडळाची मी नऊ वर्षं चिटणीस आहे, नाव घालणं आणि काढणं मला कळतं. शिवाय माझ्या फोनमध्ये मंडळातल्या नामाल्वाच्या अंत्यविधीसाठी केलेला गट आहे. तिला पुरून तीन वर्षं झाली, तरी गट रोज सकाळी फुलांची चित्रं पाठवतो. कुणी बाहेर पडत नाही, कारण पडलं की सगळ्यांना दिसतं आणि लोक म्हणतात मेलेलीने हिचं काय वाकडं केलं होतं. असे सव्वीस गट आहेत. फोन उघडायला उगाली शिजण्याइतका वेळ लागतो. म्हणून मी पान चौदाला त्याला म्हटलं, "अहो, ही पोरगी सगळ्यांना यादीत घालते, मग बाहेर कधी काढते?" तो म्हणाला, "पुढे वाच." मी पुढे वाचलं. मग तो म्हणाला, "मागे जा." मग विचार करता करता त्याचा चहा गार झाला.

पुढच्या महिन्यात किटालेला डोळ्यांचं शिबिर आहे. तो जायला तयार नाही. मी सांगून थकले. तुझं ऐकेल.

तो तुला सांगतो ना, आपलं ताट आपण उचलावं? चौतीस वर्षांत एकदा उचललेलं मी पाहिलेलं नाही.

मामी रोझलिडा

*

नैरोबी, रविवार, २४ जून

प्रिय मामा,

ओळ घातली. एकच ओळ. टेबलावर तीन दिवस प्रोग्राम चालू आहे आणि फुगायचं नाव नाही. झाडणारी येते, भराभरा झाडते, पापणी लवायच्या आत जाते. उद्या सोमवारी लुखोबेच्या मशीनवर तो बसवतील आणि शनिवारच्या सभेपर्यंत एकदाही बंद करणार नाहीत. शनिवारी वांगुई मॅडम स्वतः तिथे येणार. मला इथेच बसून नजर ठेवायला सांगितलंय. माझी नखं आधीच संपली आहेत.

आता पैजेचं. गाठ मिठात टाकू नका, मामा. मी छापील पानं परत मागवली नव्हती, तरी तुम्ही पान चौदा पाकिटात घालून पाठवलंत. त्यावर यादीच्या ओळीखाली रेघ आहे, रेघेच्या शेजारी दुधाचा डाग आहे आणि डागाच्या शेजारी बोटाचा ठसा. तुमचा अंगठा मला माहीत आहे, तो त्या ठशाच्या दुप्पट आहे. सहावीत माझ्या प्रत्येक वहीवर तो उमटायचा. शिवाय तुम्ही दूध घालायला कधी गेला नाहीत, मग रांगेतली ती हुशार व्यक्ती कोण? आणि धुराडं! मामा, मी प्रोग्राम लिहिणारी आहे. माझी चूक मला दिसत नसेल, दुसऱ्याची दिसते.

मामी, इथे थांबू नकोस. मोठ्याने वाचत राहा.

मामा, तुमचे डोळे गेले हे तुम्ही माझ्यापासून लपवलंत. का, ते मला वाटतं कळलंय. पान वाचता येत नाही म्हटल्यावर मी पानं पाठवायची बंद करीन अशी भीती वाटली ना? मी तुम्हाला पानं पाठवते ती तुम्ही हुशार आहात म्हणून नाही. हुशार माणसं माझ्या आजूबाजूला बावीस बसतात. व्हरांड्यात तुम्ही माझी वही मांडीवर घेऊन पेन्सिलीने खुणा करायचात, तेव्हा मला वाटायचं की मी लिहिलेलं काहीतरी महत्त्वाचं असणार. ते अजून वाटायला हवं असतं, म्हणून पाठवते. तुम्ही आंधळे झालात तरी पाठवीन आणि मामी गोठ्याची दारं उघडत-लावत वाचून दाखवील. (हो, शेजारणीचंही मला कळलंय, कसं ते विचारू नका.) पण मामीला गाई आहेत, मंडळ आहे, सव्वीस गट आहेत. तिने तुमची किती ताटं उचलायची?

शिबिराला जा. मला तुमचं कोंबडीच्या पावलांचं अक्षर परत हवंय.

नाबविले

*

लुखोबे, रविवार, १ जुलै

नाबविले बाळा,

हे पत्र माझं आहे, कुणी सांगितलेलं नाही.

तुझं पत्र मी शेवटपर्यंत वाचलं. "मामी, इथे थांबू नकोस" याच्यापाशी मी थांबलेच होते. त्याने विचारलं, "काय झालं?" म्हणून पुढे वाचलं. संपल्यावर तो उठला आणि भिंतीला हात लावत लावत परसात गेला. दोन दिवस माझ्याशी फक्त गरजेपुरतं बोलला. "मीठ दे." "कोण आलं?" एवढंच. कोंबडासुद्धा त्या दोन दिवसांत आरवला नाही, त्याला काय कळलं कोण जाणे.

आता सभा. काल सकाळी सगळे कॅन सभेपुढेच मोजायचे असं म्झे न्योंगेसांनी ठरवलं. दोनशे बारा कॅन. पाच दिवस मशीन बंद केलं नव्हतं, ते मी स्वतः रोज विचारून घेतलं. लोक काट्याभोवती बाजाराच्या दिवसासारखे उभे. तुझ्या त्या मॅडम उंच टाचांचे बूट घालून शेणात उभ्या होत्या, पण हलल्या नाहीत, तेवढं मला आवडलं. पन्नास झाले, शंभर झाले. एकशे अठराव्याला थांबलं.

मागून कुणीतरी म्हणालं, "आला डब्याला विचार." मॅडमनी डोळे मिटले. आणि मग दिसलं की मशीन थांबलंच नाही, काट्यावरचा मुलगा थांबलाय. त्याच्या सासूचा फोन आला होता. त्याला ती गाडी कुठली धरू असं विचारत होती आणि तिचा फोन ठेवायची त्याची छाती होईना. म्झे न्योंगेसांनी त्याच्या हातातला फोन घेतला, "आई, तो दूध मोजतोय, तुम्ही चालत या," असं सांगितलं आणि फोन खिशात टाकला. दोनशे बारा कॅन उतरेपर्यंत मशीन एकदाही अडलं नाही.

मग हात वर करायला सांगितलं. वह्यांसाठी अकरा हात. मशीनसाठी मी मोजायचा प्रयत्न केला पण डोळ्यांत पाणी आलं, मोजता आलं नाही. म्झे न्योंगेसांचा हात शेवटी वर गेला. म्हणाले, "माझी गाय हरली."

मी मॅडमना सांगितलं की प्रोग्राम माझ्या नणंदेच्या मुलीचा आहे. त्या म्हणाल्या, तिला आणखी सहा संस्थांचं काम देणार आहे, तिने जेवायला हवं. तर जेव.

संध्याकाळी घरी येऊन मी सगळं त्याला सांगितलं, सासूसकट. तो हसला. दोन दिवसांनी पहिल्यांदा. मग म्हणाला, "रोझलिडा, ते शिबिर कोणत्या तारखेला आहे?"

मामी

*

लुखोबे, रविवार, १२ ऑगस्ट

नाबविले पोरी,

ओळी वाकड्या जातात, जाऊ देत. आज मी लिहितोय आणि दिसतंय. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन जुलैत झालं, डाव्याचं नाताळानंतर होणार. पट्टी काढली तेव्हा पहिलं दिसलं ते तुझ्या मामीचं तोंड. मी म्हटलं, तू म्हातारी कधी झालीस? ती म्हणाली, तुम्ही बघत नव्हतात तेव्हा. नर्स हसत सुटली.

माझी जुनी पत्रं, पान चौदासकट, परत पाठवलीस, ती वाचली. त्यांत मी न सांगितलेल्या चार गोष्टी आहेत. तीन गाईंच्या धारा. दोन मैल कॅन. रांगेतली हुशार व्यक्ती. मी सांगताना "तुझी मामी म्हणते" असं सांगितलं होतं, पण ते तिला पुरलं नाही. आणि धुराडं. ते धुराडं मी परवा दुरुस्त केलं, कारण माझ्या सहीचं पत्र नैरोबीत साक्षीला आहे, असं तिने मला ऐकवलं. आता स्वयंपाकघरात धूर नाही. भिंती एवढ्या काळ्या होत्या हेही आत्ताच दिसलं.

पान चौदा पुन्हा पाहिलं, आता डोळ्यांनी. खरं सांगतो, पोरी, मी एकट्याने वाचलं असतं तर ते मला सापडलं नसतं. मी घेतलेली आणि परत केलेली जागा मोजत बसलो असतो. तुझ्या भाषेत तो हिशेबच नाही. तिथे फक्त कोण कुणाला धरून आहे एवढंच बघायचं, आणि ते मला कधी बघता आलं नाही. तिला येतं.

आज कोंबडा कापला. चर्चहून आल्यावर माझा भाऊ, त्याचे दोघे मुलगे आणि म्झे न्योंगेसा जेवायला होते. रीतीप्रमाणे मामीने गाठ माझ्या ताटात वाढली. मी ती उचलली आणि तिच्या ताटात ठेवली. भाऊ म्हणाला, "डोळा नीट झाला नाही वाटतं, ताट चुकलं." मी म्हटलं, "चौतीस वर्षं चुकत होतं."

म्झे न्योंगेसा खिडकीबाहेर बघायला लागले. मामीने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या गाठीकडे, आणि तोंडात टाकली. चावली. बराच वेळ चावली. आम्ही पाच पुरुष तिच्या तोंडाकडे बघत बसलो होतो. गिळून झाल्यावर ती म्हणाली, "एवढंच? याच्यासाठी तुम्ही आम्हाला इतकी वर्षं नुसता वास दिलात?"

म्झे न्योंगेसांना हसताना ठसका लागला, त्यांना पाणी द्यावं लागलं.

जेवण झालं. मामी नेहमीसारखी उठायला लागली. मी तिला म्हटलं, बस. आणि माझं ताट मी उचललं. नंतर तिचंही.

पुढची पानं पाठव.

मामा